अळणीची चव आणि माडग्याळचं नाक

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात रविवारी सकाळी सातच्या आधीच मटणाच्या दुकानासमोर रांग लागते आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला मटण कळतं. मी हे कौतुकाने सांगतो आहे. इथला माणूस टांगलेल्या बकऱ्याकडे बघून मांसाचा रंग पारखतो, कारण गडद तांबडं म्हणजे वय झालेलं. चरबी पांढरी आहे का, मागच्या पायाचं हाड किती जाड आहे, तेही बघतो आणि मगच पिशवी पुढे करतो. "दादा, चाप आणि नळी घाला, एकट्या मांडीचं नको." दुकानदार त्याला फसवायला जात नाही. पुढच्या रविवारी हाच माणूस पुन्हा समोर उभा असणार, हे त्याला माहीत असतं.

खरी परीक्षा घरी होते. आलं-लसूण, हळद, मीठ आणि कांद्यावर मटण शिजलं की आधी अळणी काढतात. तिखट नाही, वाटण नाही, नुसतं हाडामांसाचं पाणी. ते लहान पोराला पाजतात, बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात. त्याच पाण्यावर पुढे पांढरा रस्सा होतो आणि तांबडाही. तांबड्या रश्शात चटणी बरंच काही झाकून नेते, पण अळणीत झाकायला जागाच नसते. जनावर म्हातारं होतं, दमलेलं होतं, बोकड वेळेत खच्ची केलेला नव्हता, हे सगळं पहिल्या घोटात जिभेवर येतं. आमच्या घरात आजी अळणीची वाटी तोंडाला लावून एकच शब्द बोलायची, "लागतंय" किंवा "न्हाई लागत". त्यावर अपील नसायचं.

ही जीभ एका दिवसात तयार झालेली नाही. शाहू महाराजांचा जन्म इथल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमधला, १८७४ सालचा. त्यांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून झालं आणि कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. तालीम आली की खुराक आला आणि खुराकात दूध-बदामाबरोबर मटण आलं. मला वाटतं, पैलवानाच्या ताटातूनच ही पारख घराघरांत उतरली. म्हणूनच २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर चढायला लागला तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले आणि बावडेकर त्यात पुढे होते. कृती समिती झाली, बैठका झाल्या, दुकानं बंद राहिली. बाहेरगावच्या लोकांना याची गंमत वाटली, मला अजिबात वाटली नाही. ज्या गावाला एखादी गोष्ट मनापासून कळते, ते गाव तिच्यासाठी भांडतं.

पण त्या सगळ्या भांडणात बोलणं झालं ते किलोच्या दराचं. चव कुठून येते, कुठल्या नरापासून, कुठल्या कळपातून, हे कुणी विचारलं नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "बाजारातनं आलं." बाजार म्हणजे कुठला? "आटपाडी, जत, वडगाव, कधी पलीकडनं कर्नाटकातनं." हा धागा जिथवर जाईल तिथवर जायचं ठरवून मी कार्तिकात बावडा सोडला. राजाराम कारखान्याचा हंगाम लागला होता आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

सांगलीपर्यंतच्या रस्त्यात सांगावं असं काही नाही. डोक्यात मात्र जपान होतं. मांसाच्या प्रतीसाठी जनावरांची पैदास करण्यात जगात सर्वांत पुढे गेलेली माणसं तिथली, ह्योगो प्रांतातली. त्यांचं जनावर म्हणजे ताजिमा जातीची काळी गाय-बैलं. १९३९ साली तिथे ताजिरी नावाचा एक वळू जन्मला. आज जपानमधल्या जवळजवळ सगळ्या काळ्या वाग्यू जनावरांचं मूळ त्याच्यापाशी जातं. त्यांचं मांस नावाजलं जातं ते स्नायूच्या आत विरलेल्या बारीक चरबीच्या जाळ्यासाठी. कत्तलखान्यात त्या जाळीला एक ते बारा असे गुण देतात. पण मला महत्त्वाचे वाटतात ते गुण नव्हेत, त्यांचा परतीचा प्रवास. प्रत्येक वासराच्या नाकाचा ठसा कागदावर घेतलेला असतो, जसा आपण अंगठ्याचा घेतो. त्या ठशावरून मांस कुठल्या गायीचं, कुठल्या वळूचं हे कळतं. ज्याच्या वासरांचं मांस सरस निघालं, त्या वळूचं वीर्य पुढच्या वर्षी जास्त वापरलं जातं. खाणाऱ्याच्या जिभेचा निरोप गोठ्यापर्यंत पोचतो. चरबीची ही जाळी बऱ्याच अंशी आईबापांकडून येते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवड केली की ती वाढत जाते.

आपल्याकडे गोवंशाच्या बाबतीत हा विचार झाला नाही आणि होणारही नाही. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. आमचा खिलार घडवला गेला तो नांगरासाठी आणि शर्यतीसाठी. त्याची निवड झाली पायाची, खांद्याची, चपळाईची. म्हशी पाळल्या त्या दुधासाठी. कोल्हापुरात आजही गिऱ्हाईकासमोर धार काढून कट्ट्यावर दूध पाजतात. मांसासाठी म्हणून या भागात जे पिढ्यान्‌पिढ्या पाळलं गेलं, ते शेळी आणि मेंढी. म्हणून ताजिमाचा प्रश्न इथे विचारायचा तर तो धनगराच्या वाड्यावर विचारावा लागतो.

तासगाव, विटा, भिवघाट. भिवघाट ओलांडला की ऊस संपतो, हवा कोरडी होते आणि माणदेश सुरू होतो. आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारचा. मी पोचलो तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती आणि टेम्पोतून बकरी उतरवणं चाललं होतं. आमच्याकडे धनगर मेंढ्यांनाच बकरी म्हणतात. धूळ, लेंड्यांचा उग्र वास, घोंगडी, फेटे आणि सतत चाललेलं बें-बें. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' लिहिली ती याच मुलखावर. हा मुलूख आणि ही माणसं पुस्तक वाचताना जितकी जवळची वाटतात, त्याहून प्रत्यक्षात जास्त जवळची आहेत. अनोळखी माणसाला पहिल्या पाच मिनिटांत चहा पाजतात.

बाजारात मी जे सर्वांत लक्ष देऊन बघितलं, ते व्यापाऱ्याचे हात. इथे काट्यावर वजन क्वचित होतं. व्यापारी जनावराच्या मागे उभा राहतो, चार बोटं पाठीच्या कण्यावर आणि अंगठा कमरेच्या कडेला ठेवून दाबतो, मग मागच्या मांडीला मूठ घालतो, शेपटीचं मूळ चाचपतो. हे सगळं पाच-सात सेकंदांत होतं. पशुवैद्यकाच्या पुस्तकात जनावराच्या अंगावरचं मांस पारखायची जी रीत शिकवतात, ती नेमकी हीच आहे. कण्याची टोकं किती बोचतात आणि कमरेत किती भरलं आहे, यावरून मांस आणि चरबीचा अंदाज येतो. एका व्यापाऱ्याने मला माझाच हात धरून दाखवलं. "हितं बोट बुडलं पायजे, पर लई न्हाई. लई बुडलं तर चरबी." त्याने सांगितलेलं वजन आणि मग मुद्दाम काट्यावर घातलेलं वजन यांत किलोभराचा फरक निघाला.

बाजाराच्या दुसऱ्या कडेला मात्र वेगळीच पारख चालू होती. तिथे माडग्याळ मेंढे बांधले होते. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून हे नाव पडलं. उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके-पट्टे असलेलं जनावर, आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. नाकाचा बाक जितका जास्त, तितकी किंमत जास्त. २०२० मध्ये याच बाजारात सर्जा नावाच्या माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली होती आणि मालकाने तो दिला नाही. वर्तमानपत्रांत ती बातमी मोठी छापून आली. माडग्याळ मेंढी वाढीला चांगली आहे यात शंका नाही. डेक्कनी मेंढीपेक्षा तिचं कोकरू लवकर भरतं आणि म्हणून धनगरांनी ती उचलून धरली. पण नाकाला लाखांनी भाव येतो तेव्हा पैदाशीचा नर निवडताना नाक पुढे जातं आणि बाकीचं मागे राहतं. मेंढ्याच्या मालकाला मी विचारलं, याच्या कोकरांचं मटण कसं लागतं? तो थोडा दुखावलाच. "ह्येची कोकरं कापाया कोण दिल, पावनं?"

म्हणजे बाजाराच्या एका कडेला मांस पारखणारे हात होते, पण त्यांना बाप ठाऊक नव्हता. दुसऱ्या कडेला बापाची सात पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ होती, पण तिथे मांस कुणी चाखलं नव्हतं. या दोन कडांमधलं अंतर शंभर पावलं असेल.

दिघंची, म्हसवड, दहिवडी. दहिवडीला सरकारी महामंडळाचं शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे, ते मी गाडीतूनच बघितलं. फलटणला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेबद्दल मराठी माणसाला जितकं ठाऊक असायला हवं, तितकं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. बॉन निंबकर यांनी १९६८ मध्ये ती स्थापन केली. करडई, ऊर्जा, गोड ज्वारी अशी पुष्कळ कामं तिथे झाली. १९९० पासून तिथे शेळ्या-मेंढ्यांचा विभाग आहे आणि त्या कामाच्या केंद्रस्थानी राहिल्या चंदा निंबकर. इरावती कर्वे त्यांच्या आजी. माणसांचे वंश आणि गट यांचा अभ्यास करत महाराष्ट्रभर हिंडलेल्या बाईंची नात धनगरांच्या कळपांत मेंढ्यांचे वंश लिहीत हिंडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. डेक्कनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. धनगराची कमाई कोकरू विकण्यातून, लोकरीला भाव नाही. तेव्हा मेंढीने जुळं दिलं तर? याचं उत्तर बंगालमध्ये, सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत होतं. ही मेंढी इतकी लहान की पूर्ण वाढीनंतरही १२-१४ किलोच्या आसपास, पण जुळी-तिळी देणारी. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या जहाजांवर बंगाली मेंढ्या होत्या. पुढे तिथे बुरूला मेरिनो नावाच्या कळपात जुळ्या-तिळ्यांचं जे नवल दिसलं, त्यामागचा जनुक बंगालमधूनच गेला असं मानतात. २००१ मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला आणि नंतर गरोळमध्येही तोच निघाला. फलटणला गरोळ नर आणून डेक्कनी आणि बन्नूर मेंढ्यांशी संकर केले गेले. कुठल्या कोकरात जनुक उतरला आहे, हे रक्ताच्या तपासणीतून कळू लागलं आणि त्यातून 'नारी सुवर्ण' मेंढी उभी राहिली. अंगाने डेक्कनीएवढी, आणि जनुकाची एक प्रत असली तरी विताला सरासरी दीडच्या आसपास कोकरं देणारी. तिळी जास्त होत नाहीत, हे धनगराच्या दृष्टीने चांगलंच. चालत्या कळपात तीन पोरांना पुरेल एवढं दूध मेंढीला कुठून येणार?

या हकिकतीत मला अडकवून ठेवलं ते बन्नूरने. कर्नाटकातल्या मंड्या भागातली ही मेंढी, बुटकी, जाड मानेची, मागून बघितली तर दोन मांड्यांमध्ये उलटा यू दिसतो. तिच्या मांसात चरबी विरलेली असते आणि म्हैसूर-बंगळुरूकडचे खवय्ये बन्नूरचं मटण नाव घेऊन मागतात. फलटणला ती आणताना मांसाची ही प्रतच डोळ्यांपुढे होती. म्हणजे मी बावड्याहून जो प्रश्न घेऊन निघालो होतो, तो इथे कुणाला तरी आधीच पडला होता.

दुसऱ्या दिवशी मी जवळच्या एका गावात करडांची वजनं घेणं बघितलं. उस्मानाबादी शेळीच्या सुधारणेसाठी देशपातळीवरचा जो प्रकल्प आहे, त्याचं एक केंद्र फलटणला आहे. निवडीचं काम शेतकऱ्यांच्या अंगणातल्या शेळ्यांवरच चालतं. काळं कुळकुळीत करडू झोळीत घालून काट्याला अडकवलं, त्याने पाय झाडले, काटा हलायचा थांबला आणि वहीत आकडा गेला. जन्माचं वजन, तीन महिन्यांचं, सहा, नऊ, बारा महिन्यांचं. शेळीला जुळं झालं की एकटं, आईला दूध किती. या नोंदींवरून पुढचा पैदाशीचा बोकड ठरतो. शेळीवाली मावशी म्हणाली, "आदी ज्यो बोकड दारात आला त्यो लावायचो. आता इच्यारून लावतो." मला ती वही हातात घेऊन बघावीशी वाटली आणि तिने ती दिली. सगळे रकाने होते. चवीचा नव्हता.

हा दोष त्या वहीचा नाही. जिवंत जनावराच्या मांसाची चव मोजायला यंत्र नाही. कमरेवर ध्वनिलहरींचं यंत्र लावून चरबीचा थर बघता येतो, शिजवलेला तुकडा कापायला किती जोर लागतो हे प्रयोगशाळेत मोजता येतं. पण शिजवून बघायचं तर आधी जनावर कापावं लागतं, आणि कापलेला नर पैदाशीला उरत नाही. म्हणून त्याच्या पोरांवरून त्याला जोखायचं. त्यासाठी पोरांचा बाप कोण हे खाटकाच्या ओट्यापर्यंत लक्षात राहायला हवं.

आणि नुसत्या वजनामागे गेलं तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९८३ मध्ये ओक्लाहोमात एक मेंढा जन्मला. त्याचे पुठ्ठे आणि मांड्या अशा फुगलेल्या की मालकाने कौतुकाने त्याचं नाव 'अस्सल सोनं' या अर्थाचं ठेवलं. त्याच्या पोरांतही त्या मांड्या उतरल्या. चारा तेवढाच, चरबी कमी, मांस जास्त. सगळे हरखले. मग ते मांस शिजलं आणि चावेना. त्या जनुकाने स्नायू वाढवला, पण कापल्यानंतर तो मऊ होण्याची क्रियाच मंदावली होती. आपल्याकडे १९९० च्या दशकात भ्रूणरूपाने आणलेली दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी आता सगळीकडे ऐकू येते. पांढरं अंग, तांबडं डोकं, वाढ झपाट्याची. तिच्या संकरांचं मटण चांगलं असेलही, पण वजन बघून आपण ते गृहीत धरू नये.

जपानची मोजपट्टीही इथे जशीच्या तशी चालणार नाही. ती जाळीदार चरबी तव्यावरच्या मांसाला लागते. आमचा रस्सा उभा राहतो तो हाडावर आणि सांध्याजवळच्या चिवट पांढऱ्या पडद्यांवर. ते विरघळून पाण्याला ओठ चिकटतील असा दाटपणा आणतात. फार कोवळ्या जनावरात हा दाटपणा येत नाही आणि फार जुन्यात पडदे सुटत नाहीत. रश्शाचं जनावर कुठलं, हे ठरवायला जगातली कुठलीच तयार कसोटी नाही. ती आमच्याकडे आहे, वाटीत.

परतताना आदर्कीच्या घाटात एक कळप रस्ता ओलांडत होता. दिवाळीनंतर हे लोक कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मी गाडी बाजूला घेतली. मेंढक्या साठीचा असेल, मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि सून. मी त्यांना मामा म्हणालो आणि विचारलं, नर निवडताना काय बघता?

"चालला पायजे. पावसात टिकला पायजे. त्येच्या आयला दूध असाय पायजे."

"आणि मटण?"

"त्ये खानारा बगल की. कोकरू तीन-चार म्हैन्याचं झालं की येपारी येतो, पाठीवर चार बोटं ठेवतो आन्‌ दर सांगतो. चांगल्या बापाचं असू दे न्हाईतर वंगाळ बापाचं, दर त्योच." मग त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमच्या आळणीला चव आली तर पैसा खाटकाला का मला?"

त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही बांधावर बसून हिशेब मांडला. कोकरामागे ५०० रुपये जास्त मिळाले तर वेगळा नर सांभाळायला परवडेल असं त्यांचं म्हणणं. बारा किलो मटण पडलं तर किलोला चाळीसेक रुपये. बावड्यात ज्या फरकावरून लोक रस्त्यावर येतात, साधारण तेवढेच. मी म्हणालो, लोक देतील, पण आधी त्यांना फरक लागला पाहिजे. मामा म्हणाले, बाप कसा ओळखणार? कळपात नर दोन, एक माडग्याळ, एक काळा डेक्कनी. मेंढ्या दोघांकडेही जातात. वेगळे वाडे करायला माणूस नाही.

मग तेच उठले, दोन कोकरं धरून आणली आणि माझ्यापुढे तोंडं केली. एकाचं नाक सरळ होतं, एकाचं बाकदार. "ह्ये बगा. बाप नाकावर हाय."

ठरलं ते असं. कोकणातून वर येताना ज्येष्ठात ते पाच बाकदार नाकाची आणि पाच सरळ नाकाची नर कोकरं राखून ठेवणार, एकाच वयाची, एकाच रानात चरलेली. मी ती बावड्याला नेणार. कापायच्या आदल्या रात्री गाडीत दगदग न होता ती मुक्कामाला असली पाहिजेत, कारण घाबरून दमलेल्या जनावराचं मांस काळपट पडतं आणि मग बापाचा दोष की प्रवासाचा ते कळणार नाही. दोन पातेली, सारखंच पाणी, सारखंच मीठ, आणि चाखणाऱ्याला कुठलं कुठलं ते सांगायचं नाही. माझ्या मनात गल्लीतल्या पाच म्हाताऱ्या बायका आधीच ठरल्या आहेत. मामांनी फोन नंबर सुनेच्या मोबाईलवर घालून घेतला आणि म्हणाले, दर मात्र तवाच बोलू, आगाऊ न्हाई.